तीन दिवसांचं सांगून

युर्गन क्राउझे रावेरला आला तेव्हा एप्रिल लागला होता. गिरधर पाटलांच्या केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये फण्या धुण्याचं, वजन करण्याचं नवं यंत्र बसवायचं होतं आणि ते यंत्र ज्या जर्मन कारखान्याचं, त्यानं आपला सगळ्यात जुना माणूस पाठवला होता. एकसष्ट वर्षांचा, उंच, बोलायला कमी. इंग्रजी त्याला येत होतं, पण कामाच्या घाईत तो जर्मनवर घसरायचा. तेव्हा गिरधरभाऊंची मुलगी मयुरी कामी यायची.

मयुरी नर्स होती. जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात तिनं दोन वर्षं काढली होती आणि आता जर्मनीला नोकरीवर जायचं म्हणून वर्षभर जळगावातच जर्मनचा क्लास करत होती. एक परीक्षा पास झाली होती, पुढची अवघड परीक्षा जूनमध्ये होती. घरीच जर्मन माणूस आल्यावर तिनं क्लासला तीन आठवड्यांची सुट्टी सांगितली.

युर्गन रोज दुपारी साडेबाराला आपल्या आईला फोन लावायचा. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असायचे. आईचं नाव इर्मगार्ड. सत्त्याऐंशी वर्षांची. ऱ्हाईन नदीकाठच्या एका लहान शहरात, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. नवरा जाऊन चौदा वर्षं झालेली. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे बोलणं नेमकं आणि अक्षर अन् अक्षर स्पष्ट. तिसऱ्या की चौथ्या दिवशी युर्गननं फोन मयुरीच्या हातात दिला आणि म्हणाला, "माझ्या आईशी बोल. ती चुका काढते. तुझी परीक्षा सोपी जाईल."

तसंच झालं. मयुरी बोलायची, इर्मगार्डबाई मध्येच थांबवून लिंग-विभक्ती सुधारायच्या, मग पुढं जाऊ द्यायच्या. केळी झाडावर लागतात की जमिनीत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मयुरीनं मोबाईल बागेत नेऊन घड दाखवला. "हा उलटा लोंबतो!" म्हणून त्या खूप हसल्या. दहा मिनिटांचं बोलणं हळूहळू अर्ध्या तासावर गेलं.

बाराव्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी युर्गन जेवायला बसला तोच फोन आला. त्याच्या आईच्या घरापासून दोनशे मीटरवर रस्ता खणताना बॉम्ब सापडला होता. पाचशे किलोचा. दुसऱ्या महायुद्धात विमानातून टाकलेला आणि तेव्हा न फुटलेला.

"आता?" गिरधरभाऊंनी हातातला घास तसाच ठेवून विचारलं. "ऐंशी वर्सांनी?"

"आमच्याकडे नेहमी सापडतात," युर्गन शांतपणे म्हणाला. "घराचा पाया खणला, पाईप टाकला की निघतात. लोकांना बाहेर काढतात, माणसं येतात, निकामी करतात. लोक पुन्हा घरी जातात. मी शाळेत असताना दोनदा असा घर सोडून गेलोय." त्यानं बट्टी मोडून वरणात कालवली. "उद्या सकाळी नऊपर्यंत सगळ्यांनी घरं सोडायची आहेत. नऊ हजार माणसं. आईला अग्निशमन दलाची गाडी न्यायला येईल. शाळेच्या हॉलमध्ये बसायचं, चार-पाच तास."

त्या रात्री तो निवांत झोपला.

गुरुवारी बाराला मात्र तो पॅकिंग हाऊसच्या मागं, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीपाशी येरझाऱ्या घालताना दिसला. फोन कानाला, आवाज चढलेला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. हौदावर फण्या धुणाऱ्या बायकाही बघायला लागल्या. मग त्यानं फोन खाली घेतला, स्क्रीनकडे पाहिलं.

"तिनं फोन ठेवला," तो मयुरीला म्हणाला. "ती जात नाही म्हणते. गाडी खाली उभी आहे. नगरपालिकेची बाई दारात उभी आहे. आई म्हणते, मी घरीच थांबणार."

"का?"

"सांगत नाही. नऊ हजार लोक बाहेर पडलेत, आणि एक माणूस आत असेल तर ते बॉम्बला हात लावत नाहीत. शेवटी पोलीस उचलून नेतील. कायदाच आहे तसा." तो खोक्यावर बसला. "माझ्या आईला चार माणसांनी उचलून जिन्यातून खाली आणायचं?"

त्यानं दोनदा लावलेला फोन तिनं घेतला नाही. मयुरीनं स्वतःच्या मोबाईलवरून लावला. दुसऱ्या रिंगला चित्र आलं. इर्मगार्डबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, समोर कॉफीचा कप.

"तुला त्यानं लावायला सांगितलं," त्या म्हणाल्या.

"नाही. मी आपणहून लावला."

"बरं. मग बोलू. पण मी जाणार नाही, हे आधी सांगते. मी चिडलेली नाही, घाबरलेलीही नाही."

मयुरीची आई, मंदाबाई, तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, पण त्या बाईचा चेहरा दिसत होता. मयुरीनं त्यांना मराठीत सांगितलं, पुन्हा फोनकडे वळली. "फक्त चार-पाच तासांचा प्रश्न आहे, फ्राउ क्राउझे. दुपारी तुम्ही घरी परत."

"तीन दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगितलं होतं," इर्मगार्डबाई म्हणाल्या.

"कसले तीन दिवस?" युर्गन मागून म्हणाला. त्याचा आवाज ऐकताच म्हातारीनं तोंड मिटलं. कपाकडे पाहत राहिली.

मंदाबाईंना शब्द कळले नाहीत, पण झालं काय ते कळलं. त्या लेकीला हळूच म्हणाल्या, "त्याले म्हन, पानी पिऊन ये जरा. पोरापुढे नही बोलायची ती."

युर्गन उठला. पाण्यापर्यंत मात्र गेला नाही. खोक्यांच्या थप्पीच्या पलीकडे, दिसणार नाही असा उभा राहिला.

मयुरीनं आईला तीन दिवसांचं वाक्य सांगितलं. मंदाबाईंचं माहेर तापीवरच्या धरणात गेलं होतं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्या दिवसांचं त्या कधी फारसं बोलत नसत.

"तिले इचार," त्या म्हणाल्या, "त्या वक्ती मांगे कोन राह्यलं?"

मयुरीनं आईकडे पाहिलं. असा प्रश्न जर्मनमध्ये कसा विचारायचा, हे क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तिनं जसं जमलं तसं विचारलं. "तेव्हा तुमच्या घरी मागे कोण राहिलं?"

या वेळी चूक दुरुस्त झाली नाही. इर्मगार्डबाईंनी कप बाजूला सरकवला.

"माझी आजी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. हळू, मयुरीला समजेल अशा लहान लहान वाक्यांत. जागोजागी थांबून, तिनं आईला मराठीत सांगेपर्यंत वाट पाहून.

त्या सात वर्षांच्या होत्या. देशाच्या पूर्वेच्या टोकाला त्यांचं गाव. तो भाग आता पोलंडमध्ये आहे. जानेवारीचा महिना, सन पंचेचाळीस. गुडघाभर बर्फ. वडील सैन्यात, रशियाकडे गेलेले, वर्षभर पत्र नाही. आपलं सैन्य हरत होतं, पण हरतोय असं म्हणायला बंदी होती. गाव सोडायलाही बंदी होती. आणि एका सकाळी सांगण्यात आलं, दोन तासांत निघा. रशियन फौज आली आहे. तीन दिवसांसाठी जा, मग परत यायचंच आहे.

"आमच्याकडे एक गाडी होती, दोन घोडे. गाडी हाकायला मारेक होता. तो पोलिश. त्याला त्याच्या देशातून धरून आणून आमच्या शेतावर कामाला लावलं होतं. आम्ही आत जेवायचो, तो तबेल्यात. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यानंच आम्हाला बाहेर काढलं. समुद्राचं पाणी गोठलेलं होतं, त्यावरून गाड्या चालल्या होत्या. पुढची एक गाडी बर्फातून खाली गेली, घोड्यांसकट. मारेकनं आमची गाडी वळवली. पुढं एका गावात तो उतरला आणि चालत त्याच्या घराकडे निघून गेला. त्याचं आडनाव मला माहीत नाही."

"आणि आजी?"

"आजी आली नाही. ती म्हणाली, गाईंचं दूध कोण काढील? तीन दिवसांचं तर काम, घरात कुणीतरी पाहिजे. ती दारात उभी होती. माझा एक हातमोजा हरवला होता, म्हणून मी रडत होते. मी हात हलवला नाही. मी मोजा शोधत होते."

हौदावरच्या बायकांचे हात थांबले होते. गोष्ट त्यांना नीट ऐकू येत नव्हती, पण मयुरीचा आवाज बदलला होता.

"नंतर?" मयुरीनं विचारलं.

"नंतर काही नाही. कुणी म्हणालं पाहिली, कुणी म्हणालं नाही पाहिली. माझी आई मरेपर्यंत वाट बघत होती." त्यांनी टेबलावरच्या कपड्याचा कोपरा सरळ केला. "आता मी त्या आजीपेक्षा म्हातारी आहे. आता घरी थांबायची पाळी माझी."

पलीकडे दारात कुणीतरी अदबीनं काही बोललं. इर्मगार्डबाई तिकडे न बघता म्हणाल्या, "एक मिनिट, बाई."

मयुरीनं हे शेवटचंही आईला सांगितलं. गिरधरभाऊही येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "तिले म्हन नऊ हजार लोक खोळंबेल आहेत."

"ते तिच्या पोरानं दहा डाव सांगतलं असीन," मंदाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली वाकून फोनकडे पाहिलं, जणू त्या बाईला थेट मराठी कळणार होती. "मयू, तिले इचार, गाडीत कितीक जन व्हते?"

इर्मगार्डबाईंनी बोटांवर मोजलं. आई, काकू, तीन मुलं, काकूचं तान्हं बाळ. घोड्यांसाठी गवत, ओटची पोती, गाद्या. मारेक पुढं.

"जागा व्हती का आनखी एकीची?"

मयुरीनं विचारलं. पडद्यावरचा चेहरा हलला नाही, पण बघता बघता तो सात वर्षांच्या मुलीचा झाल्यासारखा मयुरीला वाटला.

"नव्हती," त्या म्हणाल्या.

"मंग ती घरासाठी नही राह्यली," मंदाबाई म्हणाल्या. "गायीसाठीबी नही. तुमी लेकरं जावी म्हनून राह्यली. माहा आजा असाच बसला व्हता वट्ट्यावर. म्हने, पह्यले बाया-पोरं नेऊन टाका, मंग मी येतो. आमच्याकडे कोनी बंदुकीच्या गोया घालत नव्हतं, तुमच्यासारखी गत नव्हती. त्याले आनलं दुसऱ्या दिवशी. तुमच्या आजीले आनाले कोनी मांगे गेलं नही, एवढाच फरक."

मयुरीला हे सगळं जर्मनमध्ये नीट सांगता आलं नाही. क्रियापदं भलत्याच जागी पडली. पण तिनं ते शेवटपर्यंत सांगितलं आणि स्वतःचं एक वाक्य जोडलं, "आज गाडीत जागा आहे, फ्राउ क्राउझे."

इर्मगार्डबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला ते माहीत होतं," त्या म्हणाल्या. "नेहमीच माहीत होतं. पण कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं." आणि मग, "शाळेच्या हॉलमध्ये मी कुणालाच ओळखणार नाही. माझ्या ओळखीचे सगळे मेले."

मयुरीनं आईला सांगितलं. मंदाबाईंना यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. "तिले म्हन, फोन ठिऊ नको. आमी बसतो इथी. ती घरी पोचेपावतर."

तयार व्हायला त्यांनी वीस मिनिटं घेतली. दारातल्या बाईला थांबवून चांगला निळा कोट घातला. मयुरी फोनवरून नर्ससारख्या सूचना देत होती: रक्तदाबाच्या गोळ्या, साधी चप्पल नको, बंद बूट घाला, चार्जर घ्या. चार्जर त्या दोनदा विसरल्या. इकडे दुपारचे पावणेदोन वाजले होते, तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला. किल्ली त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. जिना स्वतःच्या पायांनी उतरल्या.

खोक्यांच्या मागून युर्गन बाहेर आला. तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. मंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि बायकांना म्हणाल्या, "चला व, माल पडेल आहे."

सगळी दुपार मयुरीचा मोबाईल उलट्या क्रेटवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. चार्जिंगची वायर इलेक्ट्रिशियन समाधाननं लांबून ओढून दिली. तिकडे शाळेच्या हॉलमध्ये लोक खाटांवर पहुडले होते, कुणी सूप वाटत होतं, एक कुत्रं मधूनच भुंकायचं. इर्मगार्डबाईंनी फोन मांडीवर धरला होता. बराच वेळ दोन्हीकडे कुणी काही बोलायचं नाही. इकडे फण्या पाण्यात पडत, खोकी भरत. एकदा त्यांनी विचारलं, केळ्यांच्या मध्ये तो फोमचा कागद कशाला घालतात. एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्यांनी फोन दाखवला आणि म्हणाल्या, "हे भारत." ती बाई हौदाकडे बघून म्हणाली, "किती पाणी!" आणि दोघी त्या पाण्यावर बोलत बसल्या. साडेतीनला रावेरची वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत चित्र गोठलं. पुन्हा दिसू लागलं तेव्हा त्या खुर्चीत झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं.

साडेपाचला हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. बॉम्ब निकामी झाला होता. तासाभरात त्या घरी पोचल्या. कुलूप काढलं, कोट खुंटीला लावला, टेबलावरचा थंड कॉफीचा कप विसळला. मगच म्हणाल्या, "आता युर्गनला दे."

पॅकिंग हाऊस रिकामं झालं होतं. युर्गन क्रेटसमोर बसला. मयुरी उठून जायला निघाली, तर तोच म्हणाला, "थांब. तू थांबलीस तर ती बोलेल."

"मी सगळं ऐकलं," तो आईला म्हणाला.

"वाटलंच."

"एकसष्ट वर्षं, आई. मला एकदाही सांगितलं नाहीस."

"तू एकदा विचारलं होतंस," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांचा होतास. शाळेत तुम्हाला छळछावण्यांची छायाचित्रं दाखवली होती. तू घरी आलास, दप्तरही ठेवलं नाहीस आणि विचारलंस, तुझे वडील युद्धात काय करत होते? न्यायाधीशासारखा उभा होतास. बरोबर विचारलंस. मला माहीत नव्हतं, आणि जे थोडं कळलं होतं ते सांगायचं धाडस नव्हतं. आमच्या लोकांनी जगात जे करून ठेवलं होतं, त्यापुढं मी तुला माझी आजी आणि माझा हातमोजा सांगायचा होता का? आम्हाला रडायला तोंड नव्हतं रे."

बाहेर सातपुड्यावरचा उजेड कमी होत होता.

"दोन्ही सांगायचं होतंस," युर्गन शेवटी म्हणाला. "मी दोन्ही ऐकलं असतं. पंधराव्या वर्षी नाही कदाचित. नंतर ऐकलं असतं."

"आता सांगते. तू परत ये."

"तिचं नाव काय होतं? तुझ्या आजीचं?"

"ऑगुस्टे."

एवढंच बोलणं झालं. मयुरीनं घरी जाऊन आईला सांगितलं, तेव्हा मंदाबाई भाकरी थापत होत्या. "झालं का बोलनं दोघाचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

यंत्र पुढच्या आठवड्यात सुरू झालं. युर्गन गेला. मे महिन्यात त्यानं आणि त्याच्या आईनं मिळून, युद्धात हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेला अर्ज केला. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: त्या नावाची कुठेही नोंद नाही. सप्टेंबरमध्ये दोघं पोलंडला जाऊन आली. घर राहिलं नव्हतं. त्या जागी मका होता आणि बांधावर एक बाई गवत कापत होती. हे कोण, कशाला आलेत, हे तिला खुणांनी कसंबसं कळलं. तिनं दोघांना घरी नेऊन सफरचंदाचा रस दिला. तिच्या आईलाही लहानपणी दुसऱ्या कुठल्या तरी गावातून गाडीत घालून इथं आणून सोडलं होतं, एवढं इर्मगार्डबाईंना समजलं.

मयुरी परीक्षा पास झाली, पण व्हिसा यायला दिवाळी उजाडली. निघण्याच्या आठवड्यात बॅगेचं वजन करणं चाललं होतं, तेवढ्यात युर्गनकडून एक फोटो आला. इर्मगार्डबाईंच्या आईची कबर, करड्या दगडाची. आईच्या नावाखाली नवं नाव कोरलं होतं, अक्षरं अजून पांढरी होती.

मयुरीनं फोटो मोठा करून मंदाबाईंना दाखवला.

"कसं म्हनता हे?"

"ऑगुस्टे."

मंदाबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा नीट आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. मग त्यांनी दगडावर बोट ठेवलं. "जलमाचं साल हाये. मेल्याचं नही?"

"माहीत नाही ना त्यांना. म्हणून लिहिलं नाही."

"बरं केलं," मंदाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन लेकीकडे दिला आणि बॅगेतलं स्वेटर काढून पुन्हा नीट घडी घालायला घेतलं.